वेल्माने रंगवलेला बर्फ

"बर्फ कुठाय?" खुर्चीतून अर्धवट उठत वेल्मा हॅस्ब्रूक म्हणाली.

बरबँक शहरातील त्या वृद्धनिवासाच्या दिवाणखान्यात दुपारच्या कॉफीनंतर चौदा मंडळी टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर अस्वलाचे पिल्लू काकडत चालले होते. ते अंग चोरीत होते, पंजांवर फुंकर घालीत होते. परंतु त्याच्या सभोवती बर्फाचा एक कणही नव्हता. आकाश निळे, धुऊन पुसून ठेवलेल्या बशीसारखे स्वच्छ.

"थंडीताप भरलाय बिचाऱ्याला!" फ्लॉइड मर्केल म्हणाला. उभा जन्म नळ दुरुस्त करण्यात गेलेला हा मनुष्य. मंडळी खो खो हसली.

गेले पंधरा दिवस वेल्माने ज्याला त्याला सांगितले होते, की हा बर्फ माझ्या हातचा आहे. बाविसाव्या वर्षी ती कार्टूनच्या स्टुडिओत रंगारीण होती. कार्टूनच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर सर्वांत बारीक कुंचल्याने तिने ठिपक्यामागून ठिपका दिला होता. रंगवणाऱ्या मुलींची नावे पडद्यावर कधीच झळकत नसत. तो बर्फ हाच काय तो तिच्या आयुष्याचा दाखला होता.

भाची जोॲन हिने त्या स्टुडिओच्या जुन्या कार्टूनची नवी डीव्हीडी मोठ्या हौसेने आणली होती. तीतील पहिले कार्टून आरशासारखे लखलखीत निघाले, दुसरे दुधातून पाहावे तसे धुरकट. आणि तिसरे, वेल्माचे, हे असे!

"तू नक्की रंगवायलाच होतीस ना गं? का कॅन्टीनमधे बश्या विसळायला?" फ्लॉइडने विचारले.

वेल्मा उठून चालू लागली. त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. चाके लावलेली आधाराची काठी ढकलीत ती व्हरांड्याच्या येरझारा घालू लागली. मागच्याच महिन्यात तिने चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. मग हा बर्फही आपल्या डोक्यातच पडला असेल काय? ही शंका तिला घास गिळू देईना.

जोॲनने कंपनीला फोन लावला. "आत्या, तो माणूस म्हणतो, तक्रार कसली करता? आम्ही चित्र यंत्राने साफ केलंय, पांढरा ठिपका दिसला की ते पुसून टाकतं. धुळीचा एक ठिपका ठेवला नाही."

वेल्मा जागच्या जागी थांबली. "ठिपका ठेवला नाही म्हणाला?"

"हो."

"तुझ्या गॅरेजमधे कॅसेटींचं खोकं आहे ना? टीव्हीवरून ही कार्टूनं उतरवलेल्या? जा. आत्ताच्या आत्ता जा."

गुरुवारी मंडळी पुन्हा जमली. कॅसेटवरील चित्र लालसर पडले होते, थरथरत होते. त्यावर ओरखडे, केस, डाग यांचा नुसता बुजबुजाट झाला होता.

"अगं, ही तर निव्वळ घाण आहे," फ्लॉइड म्हणाला. "यात बर्फ कुठला नि धूळ कुठली, देवालाच ठाऊक!"

वेल्मा काठी सोडून टीव्हीपाशी गेली. तिने काचेवर बोट टेकवले.

"ही धूळ. बघ, गेली. धूळ एका चित्रात असते, पुढच्यात नसते. बर्फाला खाली यावं लागतं. दर चित्रात तो केसभर खाली काढावा लागायचा." तिचे बोट एका पांढऱ्या ठिपक्यासह हळूहळू उतरू लागले. उतरताना ते जरासे डावीकडे झुकले, सावरले, आणि अस्वलाच्या नाकावर जाऊन थांबले. ठिपकाही तेथेच थांबला. "हा माझा. नाकावरचा कुणी सांगितला नव्हता. मीच आपल्या मनाने बसवला. बोलणी खाल्ली त्यापायी."

कोणी हसले नाही. फ्लॉइडने खुर्ची पुढे ओढली.

"आणि तो? वरचा, मोठा?" त्याने हलकेच विचारले.

वेल्माने बोट उचलले. त्याच्या टोकाला काचेवरची धूळ लागली होती. ती तिने झग्याला पुसली.

"थांब," ती म्हणाली, "तो खाली येऊ दे."