दावा पहिला

"खोली रिकामी करा तुमी. आमाला न्हाई ठेवायचा भाडेकरू."

रंभाबाई पदर कमरेला खोचून दारात उभ्या होत्या. रजनीला खोलीपेक्षा तो 'तुमी' जास्त लागला. ती घोटावड्याला राहायला आल्यापासून या बाईंनी तिला 'तू' आणि 'पोरी' याखेरीज हाक मारली नव्हती.

"काय झालं मावशी?"

"रोज भिंतीआडनं ऐकतीया मी. दावा पयला, दावा दुसरा! आन् काल फोनवर काय, तर म्हनं 'हक्क आपलाच'. नांद्याला माज्या दिराच्या भाडेकरूनं असाच दावा लावला. अजून तारखा चालल्यात."

रजनीला हसू येईना आणि रडूही येईना. ती एका कंपनीत पेटंटचे दावे लिहायची. एका दाव्याला एकच वाक्य, मग ते मारुतीच्या शेपटासारखं कितीही लांबो. इंग्रजीत लिहिलेलं ते वाक्य ती घरी मराठीत मोठ्यानं म्हणून बघे, म्हणजे त्यातली खोट कानाला कळे. हीच सवय आता अंगाशी आली होती.

खोली गेली तर जायचं कुठं? नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हटल्यावर बावधनला लोकांनी गोड हसून दारं लावून घेतली होती. रंभाबाईंनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "जेवलीस का?" ते उपकार रजनी जन्मात विसरणार नव्हती.

तेवढ्यात ओसरीवर भिकूकाकांना ठसका लागला. दोघी धावल्या. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून रंभाबाईंच्या नवऱ्याला पातळ काही गिळता येत नसे, म्हणून दवाखान्यातली पूड घालून चहासुद्धा दाट करून द्यावा लागे.

"मेली ती पूड!" त्यांची पाठ चोळत रंभाबाई करवादल्या. "पयल्या घोटाला दाट, आन् निम्मा कप झाला की पानी."

"मावशी, माझा दावा ह्याच्यावरच आहे."

"कशाव?"

"ह्या पुडीवर. आपली कपड्यांची खळ असते ना, तशातलंच हे. लाळ मिसळली की पातळ होतं. आमच्या लोकांनी त्यावर प्रक्रिया करून लाळेला दाद न देणारं पीठ केलंय. ते आमचं आहे, असं सरकारला लिहून द्यायचं, त्याला दावा म्हणतात. तुमच्या जागेचा काही संबंध नाही."

रंभाबाई कपाकडे बघत राहिल्या. मग ओशाळून म्हणाल्या, "पिटावर व्हय? मला वाटलं जमिनीवर." आणि कप उचलत, "कदी यायची ती पूड?"

खोटी आशा दाखवणं रजनीच्या जिवावर आलं. "अजून लई तपासण्या आहेत, मावशी. काकांच्या वेळेला येईल असं नाही सांगत मी."

रंभाबाईंनी नवऱ्याचे ओठ पदरानं टिपले. "असूंदे. कुनाच्या तरी म्हाताऱ्याला व्हईल." मग रजनीकडे वळल्या. "चल, खाऊन घे पोरी. तोंड बघ कसं उतारलंय."

त्या एका 'पोरी'नं रजनीला पुन्हा घर मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाक्य घेऊन बसली. पलीकडे टीव्ही मोठ्यानं चालू होता. तो एकदम बारीक झाला, आणि भिंतीआडून रंभाबाईंचा दबका आवाज आला, "गप बसा जरा. आपला दावा चाललाय."

रजनीचे डोळे भरून आले. तिनं घसा खाकरला आणि पलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "दावा पहिला."