कोंडाबाईच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारा एक जुना मापक आहे. पोटात पारा, बाजूला रबरी फुगा आणि कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. पण रुबाब म्हणाल तर तहसीलदाराचा! बहात्तरच्या दुष्काळात मी औशाजवळच्या एका उपकेंद्रात आलो.

त्याच वर्षी खडी फोडायच्या कामावरची गरोदर कोंडाबाई सुजलेल्या पायांनी आली. नर्स शिवकांताबाईंनी पट्टा बांधला आणि माझा पारा सरसर चढला. तिला तातडीने मोठ्या दवाखान्यात नेले, पोट उघडून बाळंतपण केले. आई आणि मुलगा दोघेही वाचले. गावाने माझे इतके कौतुक केले की मी पार हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

पुढे टाके सुकले, बारसे झाले आणि कोंडाबाईच्या दाबाची कुणालाच आठवण राहिली नाही. खरे सांगतो, मलाही नाही. गावात माझा पट्टा फक्त पोटुशीच्याच दंडावर चढे.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. माझ्या डब्यावरचे 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' रंगवले, तेव्हा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! त्याच आठवड्यात मला घेऊन गावात फिरताना शिवकांताबाईंना कोंडाबाई तिच्या घराच्या दारात दिसली. घागर उतरवताना तिला धाप लागली होती. बाईंनी मला उघडले, तशी ती मागे सरली.

"नगं बाई. लेक धा वर्साचा झालाय. गाव म्हनंल, हिला पुन्हा दिवस गेले."

शेजारणी जमल्याच होत्या. बाईंनी ओसरीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, भुजंगला, बोलावले आणि पट्टा सरळ त्याच्या दंडाला बांधला.

"आता ह्यांना कितवा महिना म्हणायचा?" त्यांनी बायकांना विचारले.

सगळ्या पोट धरून हसल्या. हसता हसता कोंडाबाईने हात पुढे केला. माझा पारा चढत चढत एकशेनव्वदवर गेला आणि हसू थांबले. दुपारच्या एसटीने भुजंगने तिला लातूरला नेले. हृदयावर ताण आलाय, पण वेळेत आलात, असे डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या आणि कोंडाबाई वाचली. मला तर नाचावेसे वाटत होते!

मित्रांनो, बाळंतपण घरी होवो की पोट उघडून, गरोदरपणी दाब वाढला असेल तर पुढे आईच्या हृदयाला धोका राहतो. हे समजायला मला दहा वर्षे लागली. तुम्ही आजच विचारा, "आई, माझ्या वेळी तुझा दाब वाढला होता का?" हो म्हणाली तर तिला तपासायला घेऊन या. लाजली, तर आधी वडिलांच्या दंडाला पट्टा बांधायला लावा.