अलंकार स्पर्धेतला मुका बझर

मित्रांनो, मी एक जुना बझर आहे आणि माझा आवाज गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. बटण दाबलं की मी म्हशीसारखा रेकतो. आता यातला ‘सारखा’ ऐकलात ना? ही झाली उपमा. शाळेत राहून एवढं मलाही कळतं.

माझा जन्म पावणे गावातल्या एका वर्कशॉपमधला. विलास फिटरने मोडीत निघालेल्या मशीनचं लाल बटण काढलं, पत्र्याच्या डब्यावर बसवलं आणि तळवलीच्या शाळेला देऊन टाकलं. त्याची मुलगी मनस्वी त्या शाळेत नववीत होती. शाळेच्या अलंकार स्पर्धेच्या संघातही ती होती.

शर्मिला मॅडम तयारी करून घ्यायच्या. “मॅडमचा डोळा सीसीटीव्हीसारखा आहे,” असं संघातला कैफ म्हणाला की उपमा. “मॅडमचा डोळा हाच सीसीटीव्ही,” म्हणाला की रूपक, कारण तिथे डोळा आणि कॅमेरा एकच होऊन जातात. “एवढी भूक लागलीय, अख्खी सोसायटी खाऊन टाकीन,” ही अतिशयोक्ती. आणि माझ्यासारखी निर्जीव वस्तू माणसासारखी रुसू, बोलू, रडू लागली, की ती चेतनगुणोक्ती. हा शब्द मला फार आवडायचा. स्तुती कोणाला आवडत नाही?

मनस्वी बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. मग बाकीची मुलं घाईघाईने तिचं वाक्य पूर्ण करून टाकायची, आणि ती मान खाली घालायची. तिचा हात मात्र सगळ्यात चपळ होता. मी रेकलो की सगळे गप्प व्हायचे आणि बोलायची पाळी तिची असायची. वर्ग रिकामा झाला की ती माझ्याशी गप्पा मारायची. “आज झकास वाजलास हां. उद्या रुसू नको.” त्यात एकही शब्द अडायचा नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होते, ती तिने लहानपणापासून पाहिलेली. त्या दिवशी तिने माझीही पूजा केली. ओली हळद, ओलं कुंकू, वर झेंडूचं फूल. बटणावर बोटं चांगली दाबून दाबून लावलं. मी खूश झालो. नंतर लगेच परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी आली आणि मी कपाटात गेलो. मला कोणी पुसलं नाही, एकदा वाजवूनसुद्धा पाहिलं नाही.

सुट्टी संपताच जुईनगरच्या एका सभागृहात स्पर्धा होती. प्रत्येक संघाने आपापला बझर आणायचा, आणि आधी वाजेल त्याने उत्तर द्यायचं. पहिल्या फेऱ्या कागदावर झाल्या. शेवटी दोन संघ बरोबरीत राहिले आणि एकच प्रश्न उरला. जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता. मनस्वीचं बोट माझ्यावर होतं.

प्रश्न विचारणाऱ्या सरांनी वाचलं, “‘थकलेला पंखा कुरकुरला, आता मला झोपू द्या.’ अलंकार ओळखा.”

तिने दाबलं. बटण अर्ध्यावरच अडकलं. वाळलेलं हळद-कुंकू माझ्या घशात बसलं होतं. तिने पुन्हा दाबलं. माझ्यातून हूं की चूं निघेना. माझाच अलंकार विचारत होते आणि मीच मुका! मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

समोरच्या टेबलावरचा बझर वाजला. हितेश नावाचा मुलगा उठला. “अतिशयोक्ती!”

“चूक,” सर म्हणाले. “आता तळवली. वेळ सुरू.”

मनस्वी उभी राहिली. “चे... चे...” सभागृहात कोणीतरी खुसखुसलं. सरांच्या हातातलं घड्याळ पळत होतं. कैफने तोंड उघडलं, पण शर्मिला मॅडमनी लांबूनच डोळे वटारले. बटणावर बोट असेल त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने सुचवलं की उत्तर बाद, असा नियम होता. “चे... त...” तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने सरांकडे पाठ केली आणि माझ्याकडे पाहिलं. “काय रे, रुसलास माझ्यावर? तू पन त्या पंख्यासारखाच. तुमचा दोघांचा अलंकार एकच, चेतनगुणोक्ती!”

सरांनी घड्याळ थांबवलं. “उत्तर कोणाला दिलंस, बाळ?”

“ब... बझरला, सर.”

“उत्तर बरोबर आहे,” सर म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

संध्याकाळी विलासने मला उघडलं. “पोरी, पूजा केलीस त्ये चांगलं. पन नंतर पुसाया नको? मशीन हाय ती!” त्याने जुन्या टूथब्रशने माझा घसा साफ केला आणि मी असा रेकलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मित्रांनो, वस्तूंचं कौतुक जरूर करा, पण त्यांना पुसतही जा. आणि कोणी बोलताना अडखळलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. जरा थांबा. मी इतके दिवस मनस्वीसाठी ओरडलो, पण भर सभेत ती बोलली ती मी गप्प होतो तेव्हा.