कासवाच्या हातात पाना

"काका, या कासवाला कुठं उभं करू?" सजावटवाल्याने विचारले, आणि पाणीकाकांनी पंपघराच्या पायरीवरून मान वर केली.

कमरेएवढे थर्माकोलचे कासव होते. पाठीवर हिरवे चौकोन, गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ, नाकावर घसरलेला गोल चष्मा. एक हात वर उचललेला, आणि त्या हाताच्या मुठीत खोचलेला पाना. पाइप आवळायचा पाना.

"बेटावरची पार्टी, समुद्र, नारळाची झाडं, ते सगळं कळलं," सजावटवाला म्हणाला. "पण कासवाच्या हातात पाना कशाला, ते काही डोक्यात शिरलं नाही. चित्रात होता म्हणून केला."

काकांच्या मात्र ते लगेच डोक्यात शिरले. पोहण्याच्या तलावाचे पंपघर जमिनीखाली होते. काम आटोपून ते वर येत तेव्हा आधी टक्कल दिसे, मग चष्मा, मग खांदे. डबा द्यायला आलेली बायको एकदा म्हणाली होती, "कवचातून कासव निघावं तसे निघता हो तुम्ही." बरोबर आलेल्या नातीने ते कुंपणाबाहेरून ऐकले, आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक चित्रात आबा म्हणजे चष्मेवाले कासव. पाना तर हवाच. नाहीतर ते आबा आहेत हे लोकांना कळणार कसे?

"चित्र बघू," काका म्हणाले.

सजावटवाल्याने फाइलीतून कागद काढून दिला. मेणखडूंनी रंगवलेला तो निळा तलाव त्यांनी घरी जमिनीवर पसरलेला पाहिला होता. वर नातीच्या गोलमटोल अक्षरात लिहिले होते: लुआऊ. सोमवार. चार वाजता. सगळे या. खाली वाढदिवस कोणाचा तेही लिहिले होते. त्यावर कोणीतरी लाल पेनने रेघ मारली होती आणि शेजारी दुसऱ्याच मुलीचे नाव घातले होते.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. सजावटवाला कासवाची माळ सारखी करू लागला.

'लुआऊ' हा शब्द नातीने शाळेतून आणला होता. घरात शिरताशिरताच ती तो ओरडली, तेव्हा काका चपला शोधत धावले होते. त्यांना वाटले, ही पडली की काय. ती पोट धरून हसली. मग तिने शिकवले. दूर समुद्रात बेटे असतात, तिथल्या मेजवानीला लुआऊ म्हणतात. येईल त्याच्या गळ्यात हार घालायचा. आठवा वाढदिवस तसाच करायचा, आणि पाण्याजवळ करायचा, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकले. पाण्याला काय तोटा? आबांचा अख्खा तलाव होता.

तो अख्खा तलाव तिने फक्त जाळीतून पाहिला होता. कामगारांच्या मुलांनी पाण्यात उतरायचे नाही, असा नियम होता. बावीस वर्षे काकांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाणी गाळले, आणि घरच्या मुलीला त्या पाण्याचा फक्त शर्टाला येणारा वास ठाऊक.

सोमवारी तलाव बंद असे. फक्त दोन तास मिळावेत म्हणून ते व्यवस्थापकाकडे गेले. "बघू," साहेब म्हणाले. महिन्याने पुन्हा गेले. "बघू." तिसऱ्या वेळी नातीचे चित्र घेऊन गेले. साहेबांनी ते नीट पाहिले, हसले, खणात ठेवले आणि म्हणाले, "करा तयारी."

काकांनी तयारी केली. गाळणीतली वाळू बदलली, कडेच्या फरश्या हाताने घासल्या, उथळ भागातली हलणारी शिडी पक्की केली. घरी आजी-नातीने कागदी फुलांचे बारा हार ओवले. नातीने सात मैत्रिणींना बोलावले. आज सोमवार होता, आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी ठरला होता.

साहेबांच्या खोलीत ते न विचारता शिरले. साहेब मोबाइलमधून डोके वर न काढताच बोलले. एका मोठ्या सभासदांच्या मुलीचाही वाढदिवस होता, त्यांना काहीतरी वेगळे हवे होते, चित्र खणात होते, दाखवले, त्यांना आवडले. यात एवढे काय?

"तुम्ही मला म्हणालात, करा तयारी."

"तलावाची तयारी म्हटलं होतं. पार्टी कुणाची ते मी कुठं बोललो?" साहेबांनी आता वर पाहिले. "आणि कल्पना काय कुणाच्या बापाची असते का? पुढच्या महिन्यात तुमचंही बघू. आज सहापर्यंत थांबा, पाणी एकदम काचेसारखं हवं."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तोंडातून शब्द बाहेर आला तो "बरं." बावीस वर्षांची सवय, जीभ आपली आपणच वळली. जिन्यावर आल्यावर त्यांना साहेबांपेक्षा त्या जिभेचाच जास्त राग आला.

पंपघरात तळाच्या पाइपाचे मोठे चाक होते. ते उघडले की पाणी उतरू लागे. चारपर्यंत सहज कमरेखाली आले असते. मग बसा म्हणावे कोरड्या बेटावर. त्यांनी चाकाला हात घातला. चाक थोडे फिरलेही.

मग त्यांना उड्या मारणारी मुले दिसली. मुले खोली बघत नाहीत, पाणी दिसले की झेपावतात. 'आधी पाणी किती आहे ते बघायचं, मग उडी,' हे त्यांनीच किती पोरांना दंडाला धरून शिकवले होते. त्यांनी चाक पुन्हा घट्ट बंद केले आणि भिंतीवर मूठ आपटली. भिंतीला काही झाले नाही. बोटांची साले निघाली.

त्यांनी घरी फोन लावला. बायको सांगू लागली, पोरगी सकाळपासून नवा फ्रॉक घालून तयार आहे, बसताना चुरगळेल म्हणून जेवलीसुद्धा उभ्यानेच. काकांनी घडले ते सांगितले.

"पाण्यात राहून माशाशी वैर नको, अहो. चार महिने राहिलेत निवृत्तीला."

"मासा पाण्यात तरी उतरतो," काका म्हणाले. "यानं आजवर पाऊल भिजवलेलं नाही."

ते ठीक, पण पोरीला काय सांगू, असे तिने विचारले.

"मी बघतो," काका म्हणाले. आणि तो शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून त्यांना घाणेरडे पाणी तोंडात गेल्यासारखे झाले. "नाही. बघतो नाही. घेऊन ये तिला. सगळ्यांनाच आण. जे आहे ते मी तोंडावर सांगतो."

चारला दहा कमी असताना बायको आठ मुलींची रांग घेऊन फाटकाशी आली. नात सर्वांत पुढे, दोन्ही दंडांवर हार. तिने फाटकातच उभे केलेले कासव पाहिले आणि ती जागच्या जागी थिजली.

"आबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही एवढं मोठं केलंत?"

हे त्यांच्या हिशेबात नव्हते. आता खोटे बोलणे फार सोपे होते. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, गुडघे कडकड वाजले. त्यांनी घाई न करता, एकेक पायरी उतरावी तसे सांगितले. पार्टी आपली नाही. चित्र आपले आहे. ते त्यांनी घेतले. आबांनी मघाशी भांडायला हवे होते, पण आबा 'बरं' म्हणाले.

तिने सगळे ऐकून घेतले.

"मला विचारलं का नाही?"

"विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर मी दिलं असतं ना," नात म्हणाली. "आमच्याबरोबरच करा म्हटलं असतं. लुआऊ तसाच तर असतो."

काका उठले. आतली आग आता भडकलेली नव्हती, तापल्या लोखंडासारखी स्थिर झाली होती. तेवढ्यात साहेब लगबगीने आले. पाहुणे यायची वेळ झाली, या मुलींना बाजूला घ्या, तुम्ही खाली पंपाकडे जा, असे एका दमात बोलले.

काका कासवाजवळ गेले. उचललेल्या मुठीतला पाना त्यांनी हलकेच, तुटू न देता, फिरवून काढला आणि नातीच्या हातात दिला.

"कासव ठेवा, साहेब. पाना माझा आहे."

"हे काय चालवलंय?"

"आज सोमवार. माझी सुट्टी. पंप चालू आहे, पाणी स्वच्छ आहे, खोलीही पुरती आहे. सहा वाजता आपोआप बंद होईल." ते थांबले. "मुलांना आधी पाणी दाखवा, मग उड्या मारू द्या."

"उद्या बघून घेतो तुम्हाला," साहेब दबल्या आवाजात म्हणाले. मागे गाड्या थांबत होत्या.

"बघा," काका म्हणाले.

नातीने एक निळा हार काढला आणि कासवाच्या गळ्यात घातला. कोणी का म्हणून विचारले नाही, तरी तिने सांगितले, "ते आबा आहेत. त्यांना इथं एकटं सोडायचं म्हणजे हार तरी नको?"

मग ती पाना खांद्यावर टाकून रस्त्याने पुढे निघाली, मागे मैत्रिणी, त्यांच्यामागे आजी-आबा. घरच्या गच्चीवर झाडांना पाणी घालायची नळी होती. त्या नळीचे काय करता येईल यावर पुढे कुजबुज सुरू झाली होती. काकांनी मागे वळून पाहिले नाही. पण गाडीतून उतरणाऱ्या एका मुलीचा आवाज त्यांच्या कानावर आला.

"आई, या कासवानं मूठ का उगारलीय?"