षष्ठीचं अनेकवचन

रशियातल्या येलेत्स गावी दफनभूमीच्या फाटकासमोर माझं दगड कोरायचं दुकान आहे. अक्षरं खुर्शेद कोरतो. तो ताजिक, वय बेचाळीस, हात अतिशय स्वच्छ. त्या हिवाळ्यात तो रशियन भाषेच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. तिच्याशिवाय कामाचा परवाना मिळत नाही. छिन्नी चालवताना पुटपुटायचा, "ज्याला द्यायचं त्याला चतुर्थी. 'कडून' आलं की षष्ठी."

मार्चमध्ये ताईसिया येगोरोव्हना आल्या. त्यांचा नवरा वालेंतीन वर्षापूर्वी गेला होता. मजकूर त्यांनी स्वतः लिहून आणला: 'प्रिय नवऱ्यास, बायकोकडून.'

आमच्या रशियन भाषेत बायको या शब्दाचं षष्ठीचं रूप आणि 'बायका' हा शब्द लिहायला सारखेच. फरक एका अक्षरावरच्या दोन टिंबांचा, आणि लिहिताना ती टिंबं कोणी देत नाही. खुर्शेदने 'बायका' असं वाचलं. 'कडून' आहे म्हणजे षष्ठी हवी, हे त्याला पाठ होतं. बाईंची चूक त्याने गुपचूप सुधारली आणि कोरलं: 'बायकांकडून.'

दगड पाहायला बाई आल्या. चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं.

"खुर्शेद, हे काय?"

"षष्ठीचं अनेकवचन, ताईसिया येगोरोव्हना. तुमच्याकडून विभक्ती राहिली होती."

"काही राहिली नव्हती. बायको एकच होती." मग त्या थांबल्या. "म्हणजे, दोन."

पहिली रिम्मा. बावीस वर्षं संसार, मग घटस्फोट. तरी वालेंतीन दर रविवारी तिच्याकडे नळ दुरुस्त करायला जायचा.

"एका घरात इतके नळ नसतात," बाई म्हणाल्या. "पण मी कधी विचारलं नाही. आणि दफनाच्या दिवशी तिला कळवलंही नाही."

मी म्हणालो, "घासून काढतो. पण वर कोरलेला वालेंतीनचा चेहराही अर्धा जाईल. नाहीतर नवा दगड देतो, चूक आमची आहे."

"दोन दिवस थांबा," म्हणून त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. रिम्मा उंच, सत्तरीची, ताठ. तिने वाचलं.

"'प्रिय' कोणी म्हटलं?"

"मी," ताईसिया म्हणाल्या.

"माझ्याही वतीने? मला न विचारता?"

"आता विचारतेय."

रिम्मा दगडाजवळ वाकली. मग वालेंतीनच्या नाकावर साचलेली दगडाची भुकटी तिने बोटाने पुसली. बोट तिथेच राहिलं.

"नाक जमलंय," ती म्हणाली. "राहू दे."

"'प्रिय'सुद्धा?" खुर्शेदने विचारलं.

"तेही राहू दे. भल्या माणसा, तू आणखी काही सुधारू नकोस."

एप्रिलमध्ये खुर्शेद परीक्षा पास झाला. मे महिन्यात आम्ही दगड बसवला. दोघींनी मिळून माती दाबली, फुलं कुठली लावायची यावरून चांगला अर्धा तास भांडल्या आणि एकाच बसने घरी गेल्या. एक पुढे बसली, एक मागे.