पाण्यात सुटलेला हिऱ्याचा पापुद्रा

"नाळ तेवढी ठेव गं. ती सुटली, की पाण्यात हिरा शोधणं म्हणजे पाण्यात पाणी शोधणं!"

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई दारातूनच एवढं बोलल्या आणि चहाला गेल्या. हातात सदा चिमटा असायचा म्हणून मी जिला चिमटाताई म्हणतो, तिने मान डोलावली खरी, पण ते शब्द तिच्या एका कानाने आत शिरले आणि दुसऱ्याने बाहेर पडले. तिचं अर्धं मन घरी होतं.

मित्रांनो, बाई ज्या हिऱ्याबद्दल बोलत होत्या तो मीच. अंगठीत बसून मिरवणारा हिरा मी नव्हे. मी हिऱ्याचा एक पापुद्रा, आता जुना झालेला.

माझा जन्म खाणीतला नाही. धातूच्या एका बंद कोठीत जांभळ्या उजेडाचा गोळा तरंगत असतो. त्यात सोडलेल्या वायूतून कार्बन अलगद खाली उतरतो, दव उतरावं तसा. एका जाड हिऱ्यावर तो थरावर थर बसत गेला आणि मी झालो. त्या जाड हिऱ्याला मी आई म्हणतो. आम्हा मायलेकांच्या मध्ये ताईने आधीच एक काळा थर करून ठेवला होता, पेन्सिलीच्या शिशासारखा ठिसूळ. माझ्या अंगात तिने कथिलाचे मोजकेच अणू पेरले. हिरवा उजेड पडला की ते तांबूस लुकलुकतात. त्या लुकलुकण्यात निरोप साठवता येतात, असं माणसं म्हणतात. पण असे निरोप जपणाऱ्या यंत्रांना जाड हिरा चालत नाही, त्यात उजेड वाट चुकतो. म्हणून मला पातळ राहायचं होतं. किती पातळ? तुमच्या एका केसाचे सातआठशे पदर काढता आले, तर त्यातल्या एका पदराइतका.

मला आईपासून सोडवायला आम्हा दोघांना पाण्याच्या वाटीत ठेवलं होतं. पाण्यात दोन तारा असतात, त्यांतून वीज सोडतात. वीज तो काळा थर कडेकडेने खात जाते. मात्र एका कोपऱ्यातला थोडासा थर मुद्दाम शिल्लक ठेवायचा असतो. त्यालाच तिथे सगळे नाळ म्हणतात. नाळ असली की पापुद्रा आईला धरून राहतो, आणि मग मऊ रबराच्या ठशाने त्याला हलकेच उचलून घेता येतं.

त्या दिवशी ताईला माझी फार गरज होती. बाळंतपणाच्या रजेवरून ती नुकतीच परतली होती. माझ्या आधीच्या सगळ्या पापुद्र्यांना तडे गेले होते, मी शेवटचा. मी धड उतरलो तर हे काम तिच्याकडे राहणार होतं. नाहीतर ते दुसऱ्या गटाकडे जाणार आणि ताई कपाटातल्या बाटल्या पुसत बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वीज चालू होती. "अजून वेळ आहे," असं पुटपुटत तिने घरी फोन लावला.

"आई, झोपली का हो ती? कुशीवर निजवलंय ना? पालथी नाही ना?"

"अगं, कुशीवर नाही नि पालथीही नाही, माझ्या खांद्यावर आहे," सासूबाई कुजबुजल्या. "पण तुझ्या फोनने उठेल बघ आता!"

"अंग गरम नाही ना? नीट हात लावून बघा."

"दर तासाला लावतेय बाई. माझाच हात गरम झालाय!"

आणि तेवढ्यात मी सुटलो.

मला ते कळलंसुद्धा नाही. पाणी माझ्यातून बघत होतं आणि मी पाण्यातून. खिडकीतला उजेड वाटीच्या तळाशी मंद हलत होता. त्यात उजेड कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, ते मलाही सांगता आलं नसतं. खोटं कशाला बोलू, मला ते तरंगणं फार गोड वाटलं. झोप लागण्याआधी अंग हलकं होतं ना, तसं.

मग मला पाण्यापलीकडे ताईचा चेहरा दिसला.

फोन ठेवून ती वाटीत बघत होती. आई-हिरा जागेवर होता, त्याच्यावर मी नव्हतो. ढवळावं तर मी फाटणार. वाटी हलवावी तर कुठेतरी काठाला चिकटून चुरगळणार. दोन्ही हात मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहिली. तिने कुणाला हाक मारली नाही.

ताईला काम करताना गुणगुणायची सवय होती. तिचा बेसूर आवाज बाहेरच्या बोळापर्यंत जाई. चहा पिऊन परतताना बाई दाराशी थबकल्या.

"काय गं, आज रेडिओ बंद?"

"काही नाही बाई. चालू आहे काम."

बाई दोन पावलं पुढे गेल्या, मग मागे फिरल्या आणि दार ढकलून आत आल्या.

"इतक्या हळू आवाजात 'काही नाही' म्हणणारी तू नव्हेस. काय झालं?"

"सुटला." ताईचे डोळे भरून आले. "तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी..."

"त्यावर नंतर भांडू, निवांत. आधी तो पंखा बंद कर आणि डोळे पूस. एक थेंब जरी वाटीत पडला तर बघ!"

बाईंनी दिवा खाली आणून तिरपा धरला. ताई ड्रॉपरने पाणी काढू लागली. प्रत्येक थेंब आधी काचेवर, त्यात मी नाही याची खात्री झाली की मगच बाजूला. खिडकीतलं ऊन पिवळं होत भिंतीवर चढलं. मध्येच फोन वाजला, तो बाईंनी घेतला.

"तिचे हात ओले आहेत हो. काही निरोप?"

"तिला सांगा, पोरगी उठली, खाल्लं, आणि आता माझा चष्मा चावतेय."

बाईंनी निरोप सांगताच ताईला हसू फुटलं.

"हसू नकोस! वाटी हलेल," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

शेवटी वाटीत पाण्याचा नुसता पातळ पडदा उरला. मी त्याच्यावर आलो, मला हवा लागली आणि माझ्या अंगावर रंग उमटले, आधी हिरवा, मग गुलाबी. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर उमटतात तसे.

"बाई, तो बघा!"

"हळू बोल. घाबरेल तो."

मऊ ठशाने मला उचललं. कुठेही चीर नव्हती. ते काम ताईकडेच राहिलं.

पुढे मला एका इवल्या चकतीवर बसवलं आणि अतिशय थंड कोठीत ठेवलं. तिथे उजेड माझ्यात गोल गोल फिरायचा, आणि कथिलाचे अणू निरोप सांभाळत लुकलुकायचे. पाहुणे भिंगातून बघून "एवढासाच?" म्हणत, पण मग बराच वेळ बघतच राहत. नंतर माझ्याहून पातळ, माझ्याहून नितळ पापुद्रे आले. आता मी एका खणात, चिकट तळाच्या डबीत आहे. महिनोन्महिने झाकण उघडत नाही. डबीवर कुणीतरी जुना चिमटा ठेवून दिलाय. त्या दुपारचं तरंगणं आठवत मी पडून असतो.

मित्रांनो, माझी चिंता करू नका, मला काही होत नाही. पण आज शाळेतून घरी गेलात आणि आई आतल्या खोलीत असूनही घर नेहमीपेक्षा गप्प वाटलं, तर बाहेरूनच विचारू नका. ती 'काही नाही' म्हणेल. तहान लागली म्हणा, नाहीतर खोडरबर सापडत नाही म्हणा, पण दार ढकलून आत जा. आणि तिच्याकडे नीट बघून या.