न सापडलेलं नाव

मी लोडर बोलतोय. शिरूर कासारच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या जुन्या संगणकात मी राहतो. मला कुणी पाहिलेलं नाही, पण कुठलाही प्रोग्रॅम उघडायचा तर आधी मला उठावं लागतं.

प्रोग्रॅम सगळं स्वतः करत नाही. तारखा मोजणं, कागद छापणं अशी कामं वेगळ्या लायब्रऱ्यांत, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कामांच्या गठ्ठ्यांत, असतात. त्या मी सुरुवातीलाच आणून बसवतो. मात्र त्यांतलं एखादं काम नेमकं कुठं आहे, हे त्याच्या नावानं पहिली हाक आल्यावरच, त्या नावावरून शोधतो. सापडलं की पत्ता टिपून ठेवतो. पुढच्या वेळी शोधाशोध नाही.

बाळांच्या लसींचा प्रोग्रॅम बीडच्या ईश्वरीनं लिहिला. माझ्या या आळसामुळे तो चटकन उघडायचा, म्हणून ती खूश होती. उन्हाळ्यात तिनं छपाईची लायब्ररी बदलली आणि गावाबाहेर जाणाऱ्यांचं कार्ड छापायचं काम नवीत घालायचं राहून गेलं. मला पत्ताच नाही. कुणी हाकच मारली नव्हती!

दिवाळीनंतर सुनिता अडीच महिन्यांच्या लेकीला घेऊन आली. ऊसतोडीला निघालेली.

"ताई, कार्ड द्या. चौकात ट्रक उभा हाय."

नर्स मंगलताईंनी बटण दाबलं. मी सगळ्या लायब्रऱ्या धुंडाळल्या. ते नाव कुठंच नव्हतं. अशा वेळी मला एकच करता येतं. मी प्रोग्रॅम बंद केला.

बाहेर हॉर्न वाजत होता. सुनिताचा चेहरा उतरला. "तिकडं इचारतेत, आधीचे डोस कवा दिले. काय सांगू?"

ताईंनी ईश्वरीला फोन लावला. ती म्हणाली, "परत उघडा. नोंद दिसेल. फक्त ते बटण दाबू नका."

खरंच, मी प्रोग्रॅम पुन्हा बिनतक्रार उघडला. ताईंनी दोन्ही डोसांच्या तारखा कागदावर उतरवल्या, तिसऱ्याची तारीख ठळक लिहिली, शिक्का मारला. कागद पदरात बांधून सुनिता पळाली. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी आली. राहिलेलं काम तिनं लायब्ररीत घातलं आणि मला बजावलं, की यापुढं सगळी नावं उघडतानाच शोधायची.

"आता उघडायला लई वेळ लावतंय गं," मंगलताई म्हणाल्या.

"लावू द्या, ताई. अडायचं ते सकाळी आपल्यापुढं अडू दे. ट्रक थांबवून आलेल्या बाईपुढं नको."

तेव्हापासून मी रोज सकाळी एकेक नाव शोधतो. थोडा वेळ लागतो. तेवढा मला द्या.